आरसी ट्रकचा स्लिपर क्लच : कुठे घसरायचं ते आपण ठरवायचं

नट दिसला की आवळायचा, ही आपल्या हाताला लागलेली सवय. सायकलचं चाक असो, छताचा पंखा असो की खुर्चीचा पाय. सैल म्हणजे बिघाड, घट्ट म्हणजे दुरुस्त. माझा पहिला आरसी ट्रक, म्हणजे रिमोटवर चालणारा छंदवाल्यांचा ट्रक, घरी आला तेव्हा त्याच्या मागच्या बाजूला, मोठ्या प्लॅस्टिक गिअरच्या मधोमध, स्प्रिंगवर टेकलेला एक नट दिसला. पाना लावून पाहिला तर अजून फिरायला जागा होती. मला वाटलं, कारखान्यात कसायचा राहून गेला. मी तो जीव खाऊन आवळला. पुढच्याच रविवारी मुरमाच्या मैदानावर एका उंचवट्यावरून ट्रक उडाला, माझं बोट ट्रिगरवर दाबलेलंच होतं, चाकं जमिनीला टेकली आणि ‘कर्रर्र’ असा आवाज आला. मोटर पळत होती, चाकं जागच्या जागी. झाकण काढून बघतो तर मोठ्या गिअरचे सात-आठ दात सपाट.

तो नट स्लिपर क्लचचा होता. तो कसायचा राहिलेला नव्हता, मोजून तेवढाच कसलेला होता. माझ्यासारखी चूक पुष्कळ नवशिके करतात. काहीजण उलट्या टोकाला जाऊन तो इतका सैल ठेवतात की गिअर तापून वितळतो. म्हणून हा लेख.

लेखाचा सारांश आधीच सांगतो. उडी मारून आलेल्या ट्रकला जो हिसका बसतो, तो कुठे ना कुठे बाहेर पडणारच. पिठाच्या गिरणीत जात्यात काही अडकलं की पट्टा घसरतो, म्हणून मोटर वाचते. आपल्या ट्रकमध्ये घसरण्याची जागा आपण ठरवून दिली नाही, तर ती ट्रक ठरवतो, आणि मग ती जागा गिअरच्या दातात निघते, नाहीतर मागच्या दांड्यात.

मोटरपासून चाकापर्यंत

उदाहरणासाठी ट्रॅक्सस कंपनीचा स्लॅश घेऊ. २००८ साली बाजारात आलेला हा १/१० मापाचा शॉर्ट कोर्स ट्रक, मागच्या दोन चाकांवर चालणारा. त्याची रचना साधी आहे आणि ती एकदा समजली की इतर बहुतेक मागच्या चाकांवर चालणारे ट्रक उघडायला भीती वाटत नाही.

मोटरच्या दांड्यावर बसलेला छोटा धातूचा गिअर म्हणजे पिनियन. तो ज्या मोठ्या प्लॅस्टिक गिअरला फिरवतो तो स्पर गिअर. स्परच्या पोटातच स्लिपर क्लच असतो. तिथून जोर वरच्या दांड्यावरून बंद पेटीत शिरतो. पेटीत वरचा गिअर, मधला गिअर आणि डिफरन्शिअलचा गिअर अशी तिघांची रांग आहे. डिफरन्शिअलमधून दोन दांडे निघून दोन चाकांना जातात.

ब्रश मोटरच्या स्लॅशमध्ये पिनियनला १९ आणि स्परला ८६ दात येतात. ८६ भागिले १९, म्हणजे ४.५३. पेटीचा आतला रेशो २.७२; या पेटीला मॅग्नम २७२ हे नाव त्यावरूनच. दोन्हींचा गुणाकार केला की १२.३१ येतो. मोटरचे १२.३१ फेरे झाले की चाकाचा एक फेरा पुरा होतो.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. स्लिपर पेटीच्या आधी बसतो आणि डिफरन्शिअल नंतर. त्यामुळे स्लिपरवर जेवढा पीळ पडतो, त्याच्या जवळजवळ पावणेतीनपट पीळ डिफरन्शिअलवर पडतो. नट अर्धा आटा जास्त आवळला तर ‘थोडंसंच घट्ट झालं’ असं वाटतं, पण पुढच्या गिअरना ते थोडं लागत नाही.

म्हणूनच काम चाकाकडून मोटरकडे करत यायचं: आधी डिफरन्शिअल, मग पेटी, मग पिनियन आणि स्परची जुळणी, मग रेशो, आणि सगळ्यात शेवटी स्लिपर. आधीच्या जागी काही अडकत असेल तर स्लिपर कितीही नीट लावा, तो खोटंच सांगणार.

कामाला बसण्याआधी

बॅटरी काढून बाजूला ठेवा. नुसतं बटण बंद करून गिअरमध्ये बोट घालू नका. चांगल्या पोलादाच्या ॲलन की आणि ट्रकसोबत आलेला पाना घ्या; स्वस्त की स्क्रूचं डोकं गोल करून ठेवते आणि मग एका स्क्रूपायी सगळा दिवस जातो. स्क्रू काढाल त्या क्रमाने एखाद्या डब्याच्या झाकणात मांडा. वेगवेगळ्या लांबीचे स्क्रू असतात आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर तो गिअरला घासतो. जुना टूथब्रश, सुती फडकं, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि निळ्या प्रकारचं थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू आपोआप सैल होऊ नये म्हणून लावायचा द्रव, एवढं पुरे.

डिफरन्शिअल आणि पेटी

पेटी उघडायची गरज आहे का, हे आधी बाहेरूनच कळतं. ट्रक उचलून धरा आणि एक मागचं चाक हाताने फिरवा. स्पर गिअर स्थिर राहून दुसरं चाक उलट्या दिशेने फिरलं पाहिजे, आणि ते गुळगुळीत फिरलं पाहिजे. मध्येच ‘टक’ असं अडकलं तर डिफरन्शिअलच्या आतल्या बेव्हल, म्हणजे शंकूच्या आकाराच्या, गिअरचा दात गेला आहे किंवा आत खडा शिरला आहे. मग पिनियन स्परपासून दूर सरकवून दोन्ही चाकं एकाच दिशेने फिरवा. पेटी मोकळी फिरायला हवी. खरखर लागली तर बेअरिंगमध्ये धूळ गेली आहे असं समजा.

उघडलीत तर प्रत्येक बेअरिंग बोटाच्या टोकावर घेऊन फिरवून बघा. रेतीसारखं लागतं ते धुण्याच्या नादी न लागता बदला. बेअरिंगच्या दोन पैशांपायी दांडा आणि गिअर घालवण्यात शहाणपण नाही. गिअरना ग्रीस लावायचं ते दातांवर पातळ थर बसेल इतकंच. पेटी ग्रीसने भरली की वंगण जास्त होतं असं नाही, मोटरला ओढायला एक जास्तीचं ओझं होतं. आणि ते ग्रीस वरच्या दांड्यावरून झिरपून स्लिपरपर्यंत पोचलं तर क्लचचा कारभार आटोपला.

बेव्हल गिअरचं डिफरन्शिअल बंद डबीचं असेल तर त्यात सिलिकॉन तेल भरता येतं. घट्ट तेल म्हणजे दोन चाकांमध्ये फरक कमी पडतो: वळणावर आतलं चाक हवेत गेलं तरी ते एकटंच भिरभिरत बसत नाही आणि ट्रक सरळ जोर लावतो. त्याची किंमत म्हणून ट्रक वळायला आढेवेढे घेतो. पातळ तेलाने उलटं होतं. सुटी माती, खडी असेल तर थोडं घट्ट, सिमेंटच्या मैदानासाठी थोडं पातळ, एवढं सूत्र नवशिक्याला पुरतं.

शर्यतीच्या काही ट्रकमध्ये बेव्हल गिअरऐवजी छऱ्यांचं डिफरन्शिअल असतं. दोन चकत्यांमध्ये छर्रे दाबलेले असतात आणि सगळा जोर त्या दाबावरच चालतो. असा ट्रक तुमच्याकडे असेल तर एक नियम पक्का: स्लिपर आधी घसरला पाहिजे, डिफरन्शिअल कधीच नाही. डिफरन्शिअल घसरलं की चकत्यांवर चरे पडतात आणि छऱ्यांचा गोलपणा जातो. तपासायचं कसं? दोन्ही मागची चाकं टेबलावर दाबून घट्ट धरा आणि अंगठ्याने स्पर गिअर पुढे ढकला. स्पर फिरला पण मधला नट जागेवर राहिला, तर स्लिपर घसरतो आहे, हेच हवं. स्परबरोबर नटही फिरला आणि चाकं मात्र धरलेलीच आहेत, तर डिफरन्शिअल घसरतं आहे. मग आधी डिफरन्शिअलचा स्क्रू थोडा कसा, तरी जमलं नाही तर स्लिपर सैल करा.

पिनियन आणि स्परची जुळणी

ज्याला छंदवाले ‘मेश’ म्हणतात ती ही जुळणी. दात दातांत किती खोल बसले आहेत, एवढाच प्रश्न. पण गिअर फुटण्यामागे स्लिपरच्या खालोखाल हेच कारण असतं.

सगळ्यात आधी दोन्ही गिअर एकाच मापाचे आहेत ना ते बघा. स्लॅशचे हे गिअर ४८ पिचचे, म्हणजे एक इंच व्यासाला ४८ दात. त्या हिशेबाने ८६ दातांचा स्पर साधारण साडेचार सेंटिमीटर व्यासाचा होतो. दुसऱ्या कंपनीच्या ट्रकचा पिनियन ०.६ मॉड्यूल या वेगळ्या मापाचा असू शकतो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, दात एकमेकांत शिरतातही, आणि अर्ध्या तासात स्परचा भुगा होतो. पाकिटावरचा आकडा वाचल्याशिवाय गिअर घेऊ नका.

पिनियनला छोटा बिनडोक्याचा स्क्रू असतो. मोटरच्या दांड्याला एका बाजूने सपाट घासलेलं असतं. स्क्रू नेमका त्या सपाटीवर टेकला पाहिजे. गोल भागावर कसलात तर पिनियन सरकतो आणि मोटर नुसतीच गुणगुणत राहते. इथे थ्रेडलॉकचा एक थेंब घाला, पण तो प्लॅस्टिकवर सांडू देऊ नका. काही प्लॅस्टिकला त्याने तडे जातात.

आता वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापा. ती पिनियन आणि स्परच्या दातांमध्ये घालून स्पर फिरवा म्हणजे ती आत ओढली जाईल. मोटर स्परच्या दिशेने हलकेच दाबून धरा, स्क्रू कसा आणि पट्टी फिरवून बाहेर काढा. पट्टीवर दातांच्या घड्या उमटल्या असतील पण ती फाटली नसेल, तर अंतर ठीक. स्पर पूर्ण गोल क्वचितच असतो, म्हणून एकाच जागी समाधान मानू नका. पिनियन स्थिर धरून स्पर किंचित मागेपुढे हलवा. हलकीशी टकटक जाणवली पाहिजे. पाव-पाव फेरा फिरवून चार जागी असंच करा आणि जिथे सगळ्यात घट्ट लागतं त्या जागेला धरून जुळवा.

घट्ट मेश कुईं करून ओरडते आणि मोटर तापवते. सैल मेश खडखडते आणि ब्रेक मारताना दातांवरून उडी मारते. आणि एक विनंती: स्परवरचं झाकण ‘हवा लागावी’ म्हणून काढून ठेवू नका. मुरमाचा ज्वारीएवढा एक खडा दोन गिअरमध्ये सापडला तर ती हवा फार महागात पडते.

रेशोचं गणित

वेग कमी वाटला की पिनियन मोठा करायचा, हा सगळ्यांचा पहिला विचार. तो करण्याआधी कागदावर गणित मांडा. पिनियन १९ ऐवजी २० केला तर रेशो १२.३१ वरून ११.७० वर येतो. स्लॅशच्या चाकाचा व्यास साधारण ११० मिलिमीटर धरला तर परीघ ३४५ मिलिमीटर. म्हणजे आधी मोटरच्या एका फेऱ्यात ट्रक २८ मिलिमीटर पुढे जायचा, आता साडेएकोणतीस जाईल. वेग जेमतेम ५ टक्क्यांनी वाढला, पण तेवढाच मोटरवरचा भारही वाढला. स्परच्या बाजूने हाच फरक आणायचा तर चारएक दात कमी करावे लागतील. या ट्रकसाठी ७६, ८३ आणि ९० दातांचेही स्पर मिळतात. सूत्र असं: मोठा फरक पिनियनने, बारीक फरक स्परने.

उंच गवत, सैल वाळू, चढ असेल तर पिनियन लहान किंवा स्पर मोठा करा. कोकणात किनाऱ्यावरच्या मऊ वाळूत ट्रक चालवणाऱ्यांनी ही गोष्ट खास ध्यानात ठेवावी. तिथे चाकं रुततात आणि मोटर काही मिनिटांत हाताला चटका देते. मोकळं डांबर असेल तर एखादा दात वाढवायला हरकत नाही.

बदल केल्यावर पाच मिनिटं चालवा, थांबा आणि मोटरवर बोट टेकवा. दोन-तीन सेकंद टेकवता आलं तर ठीक. टेकवताच हात मागे आला तर मोटर ६० अंशांच्या पुढे गेली आहे असं समजा. ताप मोजायचं छोटं इन्फ्रारेड यंत्र असेल तर बरंच. मी ७० अंश सेल्सिअसच्या आसपास आकडा दिसला की थांबतो आणि एक दात उतरतो. एप्रिल-मेच्या दुपारी जमिनीचाच ताप त्यात मिळतो, म्हणून जानेवारीत चाललेला पिनियन मे महिन्यात चालेलच असं नाही.

स्लिपरच्या पोटात काय असतं

आता तो नट. बाहेरून आत जाऊ. आधी नायलॉनची कडी असलेला लॉक नट, त्याच्यामागे स्प्रिंग, मग दाबाची प्लेट, मग स्पर गिअर, आणि त्याच्यामागे दुसरी प्लेट. दोन्ही प्लेट दांड्याबरोबर फिरतात. स्पर गिअर मात्र दांड्याला कुठेही पक्का बांधलेला नाही. त्याच्या भोकांत घर्षणाचे छोटे तुकडे बसवलेले असतात. काही ट्रकमध्ये त्याऐवजी गोल पॅड असतात. प्लेटनी ते तुकडे जितके दाबले जातील तितकाच स्पर दांड्याला धरून राहतो. नट आवळला की स्प्रिंग दबते, दाब वाढतो. एवढंच यंत्र.

मोटारसायकलच्या क्लचशी त्याचं नातं आहे, पण एक फरक आहे. तिथे क्लच आपण हाताने दाबतो, इथे तो जोर पाहून आपोआप घसरतो. सरळ चालताना तो घसरायचा नाही. निघताना क्षणभर, उडीवरून उतरताना क्षणभर, चाक दगडाला अडलं की क्षणभर घसरायचा, आणि लगेच पकडायचा.

नट किती आवळायचा

पुस्तिकेतली पद्धत सोपी आहे. स्लॅशच्या झाकणाला मागे एक रबरी बूच असतं, ते काढा. पाना लावून नट घड्याळाच्या दिशेने, स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकेपर्यंत, हलक्या हाताने आवळा. टेकले की थांबा. मग नट उलटा अर्धा ते पाऊण आटा सोडा. ही सुरुवात. अर्ध्या आट्याहून कमी सोडू नका. पूर्ण दबलेल्या स्प्रिंगवर ट्रक चालवणं म्हणजे स्लिपर नसल्यासारखंच आहे, आणि माझ्या पहिल्या ट्रकची कथा तुम्ही वाचलीच आहे. दुसऱ्या कंपनीच्या ट्रकची स्प्रिंग वेगळी, म्हणून तिथे त्यांच्याच पुस्तिकेचा आकडा घ्या.

यापुढचा प्रत्येक बदल पावाच्याही निम्म्याने करा. घड्याळ डोळ्यासमोर आणा: पूर्ण आटा म्हणजे बारा तास, तर एका वेळी दीड तासापेक्षा जास्त फिरवायचं नाही. नटाच्या एका कोपऱ्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका ठेवलात तर मोजणं सोपं जातं.

घर्षणाचे तुकडे नवे असतील तर आधी पूर्ण आटा सैल ठेवून, अर्ध्या ट्रिगरवर आठ-दहा वेळा निघणं-थांबणं करा. पृष्ठभाग एकमेकांना ओळखू लागले की मगच नेमकी मांडणी करा. मांडणी गार असताना करा आणि ट्रक चार-पाच मिनिटं चालवून गरम झाल्यावर पुन्हा तपासा.

मैदानावरची परीक्षा

टेबलावरची मांडणी अंदाज देते, निकाल जमिनीवर लागतो. ही परीक्षा डांबर किंवा सिमेंटवर घ्या. सुट्या मातीत चाकंच भिरभिरतात, त्यामुळे स्लिपरला घसरायची वेळच येत नाही आणि तो बरोबर आहे असा गैरसमज होतो.

रिमोट आधी चालू, मग ट्रक. ट्रक उभा असताना ट्रिगर एकदम पूर्ण ओढा आणि कान द्या. निघताना ‘चीं’ असा बारीक आवाज यायला हवा आणि ट्रक एक-दोन फूट पुढे जाईपर्यंत तो संपायला हवा. आवाज अजिबात नाही आणि पुढची चाकं आकाशाकडे गेली, तर घट्ट आहे. आवाज चार-पाच फूट चालूच राहिला, मोटर पुढे पळते आणि ट्रक मागून येतो आहे असं वाटलं, तर सैल आहे. पोरं पुढची चाकं उचललेली बघून टाळ्या वाजवतात, पण ती उचल कायम स्लिपर आवळून मिळवू नका.

मग उडीची परीक्षा. छोट्या उंचवट्यावरून उडवा, पण हवेत ट्रिगर सोडा. पूर्ण ट्रिगरवर उतरलं की वेगाने फिरणारी चाकं जमिनीला टेकताच एकदम अडतात आणि मोटर मात्र आपल्याच वेगात असते. तो सगळा हिसका स्लिपरवर येतो. स्लिपर चुकांना माफ करतो, पण रोजच्या रोज नाही.

परिस्थिती बदलली की परीक्षा पुन्हा घ्या. सात सेलच्या निकेल बॅटरीवरून लिथियम पॉलिमरवर गेलात तर व्होल्ट फार बदलले नाहीत असं दिसतं, पण नव्या बॅटरीचा पहिला हिसका जास्त जोरकस असतो. ब्रशलेस मोटर बसवली, मोठी खाचखळग्यांची चाकं लावली, तरी तेच. चाकांची पकड जितकी जास्त, स्लिपरची गरज तितकी जास्त. मुरमावर पाऊण आट्यावर सुखाने चालणारा ट्रक टेनिस कोर्टावर थोडा अधिक सैल मागतो.

कान आणि नाक

बहुतेक बिघाड डोळ्यांआधी कानाला आणि नाकाला कळतात.

जळका वास, घाटात हाफ क्लचवर गाडी धरून ठेवल्यासारखा, आला की थांबा. स्लिपर सैल आहे आणि घर्षणाच्या उष्णतेने स्परचा मधला भाग मऊ पडतो आहे. अजून चालवलात तर स्पर दांड्यावर वाकडा बसेल आणि मेशही बिघडेल.

ट्रक निघताना टकटक करतो, पण पळू लागला की गप्प होतो: मेश सैल किंवा स्परचा एखादा दात गेलेला. एका वळणावर पळतो आणि दुसऱ्यावर दम टाकतो: डिफरन्शिअलकडे बघा. काल बरोबर होता, आज हळूहळू सैल होतो: लॉक नटाची नायलॉन कडी झिजली आहे. नट बोटांनी फिरू लागला की तो फेकून नवा लावा, थ्रेडलॉकने त्याला आवळून बसवू नका, कारण तिथे आपल्याला वारंवार फिरवायचं असतं. नट आवळत गेलो तरी पकड येत नाही: तुकड्यांना ग्रीस लागलं आहे किंवा ते काचेसारखे चकाकू लागले आहेत. अल्कोहोलने पुसा, बारीक पॉलिश पेपरवर दोन-चार हात फिरवा. तरी नाही जमलं तर बदला. प्लेटवर निळसर-काळे डाग दिसले तर ती तापली होती असं समजा आणि तुकड्यांबरोबर तीही तपासा.

निगा

आपल्याकडची धूळ एका प्रकारची नाही. देशावरच्या काळ्या मातीची भुकटी पावसानंतर चिकटते आणि वाळली की दगड होते. जांभ्याच्या लाल धुळीत बारीक कण असतात ते बेअरिंगच्या कडेने आत जातात. म्हणून प्रत्येक चालवण्यानंतर टूथब्रशने पेटीच्या बाहेरची धूळ झाडा. इलेक्ट्रॉनिक्स पाणी सोसणारी असली तरी बेअरिंग आणि स्प्रिंग पाणी सोसत नाहीत. पावसात चालवलात तर त्याच संध्याकाळी चाकं काढा, फडक्याने पुसा, पंख्याखाली वाळवा आणि बेअरिंगला हलक्या तेलाचा एकेक थेंब द्या; स्लिपरपासून मात्र तेल लांब. चार-पाच बॅटऱ्या संपल्या की मेश बघा, दहा-बारा संपल्या की स्लिपर खोलून तुकडे बघा. वर्षातून एकदा, शक्यतो दिवाळीच्या सुट्टीत, पेटी उघडा.

आणि एक वही ठेवा. तारीख, मैदान, पिनियन, स्पर, बॅटरी, नट किती आटे सोडला, मोटर किती तापली, एवढं एका ओळीत लिहा. सहा महिन्यांनी त्या वहीतून जे कळतं ते कुठल्याच पुस्तिकेत नसतं, कारण ती पुस्तिका तुमच्या मैदानासाठी लिहिलेली नसते.

घरात धाकटं कुणी ट्रक चालवणार असेल तर नट त्याच्या हाताने फिरवू द्या, फक्त पाना देण्याआधी स्प्रिंग दाखवा आणि विचारा, ‘हे अजून दाबलं तर काय होईल?’ उत्तर चुकलं तर चुकू द्या. खिशात एक जादा ८६ दातांचा स्पर ठेवा. त्याची किंमत शिकवणीपेक्षा कमीच असते.